कॅम्पर व्हॅनसाठी हीटर घेताना आधी प्लग बघा

डिसेंबर-जानेवारीत जांबोटी-कणकुंबीकडे व्हॅन लावली की पहाटे पत्रा गार पडतो, काचांना आतून पाणी सुटतं. हीटर हवाच. पण दुकानात जाण्याआधी वीज कुठून घेणार ते ठरवा, बाकी सगळं त्यावर ठरतं.

शेतघराच्या बोर्डावरून घेणार असाल तर हिशेब सोपा आहे. 230 व्होल्टवर 1000 वॅटचा हीटर 4.3 अँपिअर ओढतो, 2000 वॅटचा 8.7. लहान 5 अँपिअरच्या प्लगवर दुसरा लावायचाच नाही, आणि पहिलाही रात्रभर चालणार असल्यानं 16 अँपिअरच्या मोठ्या प्लगवरच बरा. वायर तीन कोअरची, तांब्याची, 2.5 चौरस मिलिमीटर. वेटोळं पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीत उष्णता कोंडते आणि आवरण मऊ पडतं. दहा मिनिटांनी प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर आतला स्क्रू सैल आहे. लगेच बंद करा. पंप सुरू असताना व्होल्टेज 200 वर आलं, तर 1000 वॅटचा हीटर साडेसातशेच देतो. तो बिघडलेला नसतो.

अर्थिंगकडे दुर्लक्ष नको. व्हॅन रबरी टायरवर उभी असते. आत वायर सोलली की अख्ख्या पत्र्यात करंट उतरतो आणि ओल्या मातीत उभं राहून दार उघडणाऱ्याला झटका बसतो. म्हणून पत्रा अर्थिंगला जोडा आणि व्हॅनच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवा.

लालभडक रॉडचा हीटर व्हॅनमध्ये नकोच, पडदा आणि गादी हातभर अंतरावर असतात. थर्मोस्टॅट असलेला आणि कलंडला तर आपोआप बंद होणारा 1000 वॅटचा सिरॅमिक फॅन हीटर घ्या. ऑइल रेडिएटर आवाज करत नाही, पण जड असतो आणि तापायला वेळ लावतो.

प्लगच नसेल तर हीटर विसरा. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी तो जेमतेम तासभर चालवेल. त्याऐवजी 12 व्होल्टचं, 50 वॅटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट आठ तासांत 400 वॅट-तास, म्हणजे या बॅटरीतली साधारण एक तृतीयांश वीज घेतं. त्याची घडी घालून वापरू नका, दुमडलेल्या जागी तार जास्त तापते.

निखाऱ्याची शेगडी आत कधीही आणू नका, त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपताना एक काच बोटभर उघडी ठेवा, म्हणजे श्वासाची वाफही बाहेर जाईल.