आवाज न करणारा वॉटर-कूल्ड पीसी: लूप भरणे आणि पंखे लावणे

लूप म्हणजे पंप, टाकी, ब्लॉक आणि रेडिएटर यांतून पाणी फिरण्याची बंद वाट. शांतता रेडिएटरच्या (पाणी थंड करणाऱ्या जाळीच्या) क्षेत्रफळातून येते, महागड्या पंख्यांतून नाही. ढोबळ हिशेब असा: दर १०० वॅट उष्णतेमागे रेडिएटरचा १२० मिमीचा, म्हणजे एका पंख्याएवढा, एक भाग, आणि वर एखादा जादा. ब्लॉक (प्रोसेसरसारख्या तापणाऱ्या भागांवर बसणारे, आतून पाणी वाहणारे ठोकळे) तांब्याचे असतील तर रेडिएटर अॅल्युमिनियमचा नको. दोन धातूंत गंज सुरू होतो.

पंपाच्या तोंडाशी पाणी आपोआप उतरेल अशी टाकी वर बसवा. पंप कोरडा फिरला तर त्याचे बेअरिंग जाते. भरण्याआधी हवेच्या दाबाने गळती तपासा: साधारण ०.५ बार, पंधरा मिनिटे. दाबमापकाचा काटा खाली आला की आधी फिटिंगच्या (नळीच्या जोडांच्या) ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, बघा, बहुतेकदा एखादी चिमटलेली असते.

भरताना फक्त पंपाला वीज द्या. टाकी रिकामी होत आली की लगेच बंद, पुन्हा भरा. बुडबुडे अडकले तर केस हळूहळू चारी बाजूंना कलवा. खळखळ दुसऱ्या दिवशीही राहिली तर हवा अजून आत आहे.

आता खरी गंमत. पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला बांधू नका. ते क्षणात उसळते आणि पंखे उगाच घुरघुरतात. पाण्यात सेन्सर घाला. ३० अंशांपर्यंत ५०० आरपीएम (मिनिटाला फेरे), ४० ला ९००. खोलीच गरम असेल तर हे आकडे तितकेच वर सरकवा. पंपाखाली मऊ रबर हवेच, नाहीतर सगळी केस गुणगुणते.