ग्वाल्हेरचा हिवाळा सरला की बाइकचं ऑइल, ब्रेक ऑइल आणि कूलंट

पुण्या-नागपुराकडून ग्वाल्हेरला नोकरीसाठी आलेल्यांची बाइक पहिल्याच हिवाळ्यात महिना-दीड महिना झाकून पडते. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं धुकं दाट, त्यात सुट्टीला गावी जाणं. इथे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, पण त्याने गाडीतलं काही गोठत नाही. खरी भानगड ओलाव्याची. रात्री गार आणि दुपारी ऊन, या फरकाने टाकीत आणि इंजिनात दव धरतं. शिवाय इथे वसंत जेमतेम टिकतो. होळीनंतर ऊन चढू लागतं आणि मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. फेब्रुवारीत निभावून नेलेलं जुनं ब्रेक ऑइल तेव्हा दगा देतं, म्हणून हे सगळं काम संक्रांत ते होळी या काळात उरका.

सुरुवात ऑइलपासून करू नका, आधी पेट्रोल बघा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिन नेमकं तेच आधी ओढतं. महिन्याभराचं पेट्रोल असेल तर वरून ताजं भरलं की भागतं. तीन महिन्यांच्या वर गेलं असेल, वार्निशसारखा वास येत असेल, तर सरळ काढून टाका. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून खालच्या वाटीचा स्क्रू ढिला करा आणि जुनं पेट्रोल बाटलीत घ्या, नाहीतर जेटमध्ये चिकटा बसतो आणि गाडी चोकवरच चालते. रेल्वे पार्सलला टाकी रिकामी करूनच द्यावी लागते. तशीच रिकामी गाडी आणून ठेवली असेल तर टॉर्च मारून आत गंज बघा.

मग बॅटरी. मीटरवर १२.६ व्होल्ट असेल तर ठीक, १२.४च्या खाली चार्ज करा. सेल्फ पाच सेकंदांच्या वर दाबून धरू नका, मध्ये पंधरा सेकंद थांबा.

आता इंजिन ऑइल. गाडी चार-पाच मिनिटं चालू ठेवा, म्हणजे ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ सोबत येतो. तापलेल्या इंजिनावर मात्र हात घालू नका, भाजतं. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, खाली पसरट भांडं ठेवा, आधी वरचं झाकण उघडा, मग ड्रेन नट. ऑइल चहाच्या सायीसारखं पांढरट निघालं तर त्यात पाणी आहे. हवेवर थंड होणाऱ्या गाडीत हे बहुधा दवाचं असतं. ताजं ऑइल भरून एकदा लांब फिरवून आणा, पुन्हा पांढरं झालं नाही तर विषय संपला. कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) गाडीत पुन्हा पांढरं झालं तर हेड गॅस्केट किंवा वॉटर पंपाचं सील तपासायला द्या.

ड्रेन नटाचा वॉशर दर वेळी नवा घाला, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे. नट आधी हातानेच फिरवा, मग पान्याने बेताने आवळा. इंजिनाचं खोकं अ‍ॅल्युमिनियमचं असतं, जोर लावला की आटे जातात आणि मग खर्च वाढतो. स्प्लेंडरला साधारण ९०० मिली लागतं, बुलेटला त्याच्या दुपटीच्या आसपास. बाटली पूर्ण ओतू नका; थोडं कमी घाला, दोन मिनिटं इंजिन चालवा, थांबा, मग पातळी बघून वर भरा. जास्त झालं तर फेस येतो आणि ऑइल एअर फिल्टरमध्ये शिरतं.

मिस्त्री म्हणेल, इथे गर्मी फार, २०डब्ल्यू-५०चं जाड ऑइल टाका. बऱ्याच पल्सरना ते चालतं, कारण कंपनीनेच सांगितलंय. स्प्लेंडरला कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते, तेच घाला. जाड ऑइलने पहाटेच्या थंडीत इंजिन जड होतं, अ‍ॅव्हरेज पडतो. ऑइलच्या डब्यावर जॅसो एमए किंवा एमए-२ (बाइकच्या ऑइलचा दर्जा) असलं पाहिजे. कारचं किंवा स्कूटरचं एमबी ऑइल घातलं तर क्लच घसरतो, कारण बाइकचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष ब्रेक ऑइलकडे होतं. तेही पाणी शोषतं. डॉट-४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ही हद्द १५५पर्यंत खाली येते. उरवाई दरवाज्याच्या उतारावरून किल्ल्याखाली येताना डिस्क तापली की आत वाफ होते आणि लिव्हर मऊ पडून थेट मुठीला टेकतो. दोन वर्षं झाली असतील किंवा रंग चहासारखा असेल तर बदलाच. गाडीवरच्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर डॉट-३ की ४ ते लिहिलेलं असतं. डॉट-५ सिलिकॉनचं, ते कधीच मिसळू नका. बाटली सीलबंदच घ्या. गेल्या वर्षीची उघडी बाटली हवेतलं पाणी पिऊन बसलेली असते.

कॅलिपरच्या (डिस्कला पकडणाऱ्या भागाच्या) निपलला, म्हणजे ऑइल काढायच्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक थोड्या ताज्या ऑइलात बुडवा. लिव्हर तीन-चार वेळा दाबून धरून ठेवा, निपल ढिली करा, घट्ट करा, मगच लिव्हर सोडा. क्रम उलटला तर हवा आत जाते. वरचा डबा मध्येच रिकामा होऊ देऊ नका. टाकीवर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग उतरतो. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर मात्र सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं.

एनएस २००, ड्यूक, आर १५ अशा गाड्यांत कूलंट असतं. बोअरचं किंवा तिघरा धरणाचं नळाचं पाणी त्यात घालू नका, रेडिएटरमध्ये क्षार बसतात. तयार मिश्रण घ्या, नाहीतर अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. इंजिन गार असतानाच झाकण उघडा. भरल्यावर हवेचे बुडबुडे यायचे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवा.

निघालेलं ऑइल नालीत ओतू नका, स्वर्णरेखा नदीची अवस्था आधीच वाईट आहे. जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये बाटलीतून द्या. पन्नास-साठ किलोमीटर झाल्यावर ड्रेन नटाखाली ओल आहे का, ऑइलची पातळी आणि ब्रेकचा डबा एवढं पुन्हा बघा.