३०० एमएमला हातात धरून फोटो सॉफ्ट येत होते, शेवटी असं सुटलं

कॅमेऱ्याला ७०-३०० एमएम झूम लेन्स, स्टॅबिलायझर ऑन, तरी ३०० ला पक्ष्याची पिसं पुसल्यासारखी. फिल्टर काढला, लेन्स पुसली, फोकस पॉइंट बदलले, ढिम्म फरक नाही, डोकं फिरलं होतं.

जमलं ते असं: आधी शटर प्रायॉरिटी (शटरचा वेग आपण ठरवायचा मोड), १/५०० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो, कारण स्टॅबिलायझर फक्त हाताची थरथर सांभाळतो, पक्ष्याने मान हलवली तर तो काय करणार. मग डावा हात लेन्सखाली, कोपरं छातीला टेकवून शटरचं बटण अर्धं दाबायचं आणि स्टॅबिलायझर स्थिरावून व्ह्यूफाइंडरमधलं चित्र तरंगायचं थांबेपर्यंत, साधारण सेकंदभर, तसंच धरून ठेवायचं (घाई इथेच होते). मग श्वास अर्धा सोडून बटण हळूच पूर्ण दाबायचं, बर्स्टवर (सलग फोटो काढणारा मोड) तीन-चार फोटो. पहिल्यात बोटाचा धक्का येतो बऱ्याचदा, मधले झूम करून बघा.