घर्षण काहीही परत करत नाही: कॉन्झर्व्हेटिव्ह बलांच्या गणितांत या चुका टाळा

अकरावीत कार्य आणि ऊर्जेचे प्रकरण संपेपर्यंत कॉन्झर्व्हेटिव्ह बलाची व्याख्या बहुतेकांची तोंडपाठ झालेली असते. कार्य मार्गावर अवलंबून नसावे आणि बंद मार्गावर ते शून्य भरावे. गुरुत्वीय बल व स्प्रिंगचे बल या व्याख्येत बसते, घर्षण बसत नाही. तरीही पेपर तपासताना नेमकी हीच व्याख्या पायदळी तुडवलेली दिसते.

सर्वांत चिवट चूक म्हणजे ‘विस्थापन शून्य, म्हणून कार्य शून्य’. एका चाचणीत मी साधे गणित दिले होते: ३७° च्या खडबडीत उतारावर १ किलोग्रॅमचा ठोकळा १० मी/से वेगाने वर सोडला, घर्षणगुणांक ०.५ आहे, तर पायथ्याशी परतताना त्याचा वेग किती? बऱ्याच जणांनी बेधडक १० मी/से लिहिले. एकाने तर वादच घातला, “सर, ठोकळा निघाला तिथेच परत आला ना, मग कार्य शून्यच!” त्याला फळ्यावर हिशेब मांडायला लावला. गुरुत्वीय त्वरण १० मी/से² धरू. सुरुवातीची गतिज ऊर्जा ५० ज्यूल. ठोकळा उतारावर ५ मीटर, म्हणजे ३ मीटर उंचीपर्यंत जातो, तेव्हा गुरुत्वाचे कार्य −३० आणि ४ न्यूटन घर्षणाचे −२० ज्यूल. उतरताना गुरुत्व आपले ३० ज्यूल परत करते. घर्षण मात्र दिशा बदलून पुन्हा गतीला विरोधच करते आणि आणखी २० ज्यूल खाते. उरले १० ज्यूल, म्हणून वेग सुमारे ४.५ मी/से. ज्यांनी घर्षण फक्त चढतानाच धरले, त्यांचे उत्तर ७.७ आले होते, आणि पर्यायांतही तेच ठेवलेले असल्यामुळे ते निश्चिंत होते. सूत्र आठवले की आकडे घालायची घाई करणाऱ्यांसाठीच असे पर्याय तयार केले जातात.

दुसरी खोड म्हणजे गुरुत्व दोनदा मोजणे: स्थितिज ऊर्जेतही धरायचे आणि बाह्य कार्यातही. मी गणित सुरू करण्याआधी पानाच्या कडेला दोन रकाने आखतो, एकात स्थितिज ऊर्जेने हाताळायची बले, दुसऱ्यात ज्यांचे कार्य स्वतंत्र काढायचे ती. प्रत्येक बल एकाच रकान्यात. शॉर्टकटच्या शौकिनांना हे बालिश वाटते, पण त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.

घर्षणाचे परिमाण स्थिर आहे, एवढ्यावरून ते कॉन्झर्व्हेटिव्ह ठरत नाही. स्थिर बल कॉन्झर्व्हेटिव्ह असते खरे, पण बल स्थिर म्हणायला त्याची दिशाही स्थिर हवी.

घर्षणाचे कार्य नेहमी ऋणच असते, हेही खोटे. वेग घेणाऱ्या ट्रकमधील न घसरणाऱ्या खोक्यावर, रस्त्यावरून पाहता, घर्षण धन कार्य करते.

एखाद्या बंद मार्गावर कार्य शून्य आले, म्हणजे बल कॉन्झर्व्हेटिव्ह ठरले असेही नाही. अट प्रत्येक बंद मार्गासाठी आहे. क्ष-दिशेतील बलाचे मूल्य य-निर्देशकाएवढे असेल, तर एकाच सरळ रेषेत जाऊन परत आल्यास कार्य शून्य येते, पण आरंभबिंदूपासून १ मीटर बाजूच्या चौरसाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरल्यास ते −१ ज्यूल भरते.