सांडा की घोरपड? आधी शेपटी बघा

आठवडी बाजाराच्या कडेला कोणी चादर पसरून जाडजूड, मातकट सरडे मांडून बसला आणि शेजारी तेलासाठी त्यांची चरबी कढत असली, की बघणाऱ्यांत दोन तट पडतात. काही जण म्हणतात घोरपड, काही म्हणतात बिसखोपडा. तो प्राणी या दोन्हींपैकी नसेल, तर सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा सरडा असू शकतो. रंग, लांबी आणि विकणाऱ्याने सांगितलेले नाव यांवर विसंबून ओळख पटवू नका. ओळख शेपटीच्या खवल्यांत आहे.

एक गोष्ट आधी पक्की धरा. विदर्भात सांडा निसर्गतः राहत नाही. त्याचे घर म्हणजे थरचे वाळवंट, कच्छ, हरियाणाचा कोरडा भाग आणि पलीकडे पाकिस्तान. तो टणक, कोरड्या जमिनीत तिरपे, वळणावळणाचे बीळ खणतो. एका बिळात सहसा एकच सांडा असतो. तो तोंडाशी माती लोटून बीळ बंद करतो आणि हिवाळाभर आतच पडून राहतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून भेगा मिटवते. त्यात अशी वर्षभर टिकणारी बिळे होणे कठीण. म्हणून वावरात, धुऱ्यावर किंवा पराटीच्या (कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या) ढिगात दिसलेल्या सरड्याला सांडा म्हणू नका. बाजारात दिसलेला सांडा मात्र खरा असू शकतो, कारण तो कोणीतरी बाहेरून आणलेला असतो.

वर्गीकरण

सरीसृप वर्ग, स्क्वॅमाटा गण, ॲगॅमिडी कुळ. आपला नेहमीचा बागेतला सरडाही याच कुळातला, म्हणजे सांडा त्याचा भाऊबंद आहे, घोरपडीचा नाही. घोरपड व्हॅरॅनिडी या वेगळ्या कुळात येते. ॲगॅमिडी कुळाची खूण दातांत असते. बाजूचे दात जबड्याच्या कडेवर वरून बसवल्यासारखे असतात, पडले तर नवे येत नाहीत. वाळलेली कवटी हाती आली तर हे लगेच तपासता येते.

ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८२७ मध्ये सांड्याला शास्त्रीय नाव दिले. नावातला 'हार्डविकी' हा भाग थॉमस हार्डविक या लष्करी अधिकारी आणि निसर्ग-संग्राहकावरून आला. पुढे दीर्घ काळ हा प्राणी युरोमॅस्टिक्स हार्डविकी या नावाने ओळखला जात होता. २००९ मध्ये त्याला सारा या वेगळ्या प्रजातीत हलवले. या प्रजातीत तीनच जाती आहेत: आपली हार्डविकी, तसेच इराण आणि त्याच्या आसपासच्या देशांतल्या अस्मुसी आणि लोरिकाटा. (वर्तमानपत्रे प्रजाती आणि जाती हे शब्द सर्रास अदलाबदल करून वापरतात. इथे प्रजाती म्हणजे मोठा गट, जात म्हणजे त्यातला एक.)

शेपटी कशी वाचायची

सांड्याची शेपटी जाड आणि वरून चपटसर असते. तिच्यावर आडव्या कड्यांनी काटेरी खवले असतात. दोन्ही कडांचे काटे सर्वांत मोठे. आता दोन कड्यांच्या मधली जागा बघा. तिथे लहान, बिनकाट्यांच्या खवल्यांच्या एक किंवा अधिक रांगा असतील तर प्रजाती सारा. काटेरी कडी वरच्या बाजूने एकमेकींना भिडलेली असतील, मधे काहीच नसेल, तर ते युरोमॅस्टिक्स, म्हणजे आफ्रिका-अरबस्तानकडचे नातेवाईक. मोबाईलवर 'काटेरी शेपटीचा सरडा' शोधल्यावर भडक पिवळी-केशरी चित्रे दिसतात ती बहुधा यांचीच, आणि त्यांच्याशी ताडून बघणारा हमखास फसतो.

शेपटीनंतर मांडी. मागच्या मांडीच्या पुढच्या बाजूला निळसर-काळा ठसठशीत डाग ही सांड्याची भरवशाची खूण. अंग पिवळट-मातकट, त्यावर काळे ठिपके किंवा नागमोडी रेघा. शेपटी साधारण धडाइतकीच लांब. नर मोठा, एकूण ४० ते ४९ सेंटिमीटरपर्यंत, मादी त्याहून लहान. जीभ मांसल, फाटलेली नाही. डोके आखूड, बोथट. खाणे मुख्यतः पाने, फुले, गवत, जोडीला किडे.

कोणाशी गल्लत होते

घोरपड: जीभ लांब आणि सापासारखी दुभागलेली. नाकपुडी तिरप्या फटीसारखी, डोळा आणि नाकाडाचे टोक यांच्या साधारण मधोमध. शेपटी लांब, दोन्ही बाजूंनी दाबलेली, काट्यांची कडी अजिबात नाहीत. पिल्लाच्या अंगावर पिवळे ठिपके-पट्टे ठळक असतात. या पिल्लालाच लोक बिसखोपडा म्हणून मारतात. भारतातल्या कुठल्याही सरड्याच्या किंवा पालीच्या चाव्याने माणसाला विषबाधा होऊन जीव जात नाही.

बागेतला सरडा: शेपटी बारीक, गोल, धडाच्या दुपटीहून लांब. मानेपासून पाठीवर काटेरी तुरा. विणीच्या काळात नराचे डोके-गळा लाल होतो. गळ्याची रंगीत पिशवी उघडझाप करणारे छोटे सरडे माळावर दिसतात, त्यांचा प्रश्नच येत नाही. पण एक गंमत सांगण्याजोगी आहे: २०१६ मध्ये त्यांच्यातल्या एका गटाला नवी प्रजाती दिली तेव्हा तिचे नाव आपल्या मराठी शब्दावरूनच 'सरडा' ठेवले गेले.

बिबट्यासारख्या ठिपक्या-पट्ट्यांची पाल: ही खरी फसवी, कारण तिची शेपटीही जाड आणि कडीदार असते. तिच्या एका जातीचे नावच २०१४ मध्ये सातपुड्यावरून ठेवले गेले. फरक सोपा आहे. हिला हलणाऱ्या पापण्या आणि उभी चिरेसारखी बाहुली असते, ती रात्री फिरते, शेपटीवर टोकदार काटे नसतात. सांडा दिवसाचा, बाहुली गोल.

सरडगुहिरा: पाय चिमट्यासारखे, बोटे दोन आणि तीनच्या गटांत जुळलेली, शेपटी फांदीला गुंडाळता येणारी. एकदा पाहिलेला माणूस चुकत नाही.

कुठे चुकते

रंगावर जाणे ही पहिली चूक. सांडा सकाळी थंड असताना गडद दिसतो, ऊन खाल्ल्यावर फिका पडतो. मेलेला, वाळलेला तर वेगळाच दिसतो, पण कडी शिल्लक राहतात. शेपटी तुटलेली असेल तर बुडाजवळची दोन-चार कडी पुरतात. तीही नसतील तर मांडीचा डाग आणि जीभ बघा. तेलाच्या बाटलीवरून मात्र डोळ्यांनी काहीच ओळखता येत नाही. ती चरबी कुणाचीही असू शकते, आणि सांध्यांना किंवा 'ताकदीला' गुण देणारे त्यात काही सिद्ध झालेले नाही.

फोटो काढायचे तर चार पुरे: वरून पूर्ण शरीर, शेपटीचा बुडापासून जवळून, मांडीची पुढची बाजू, डोक्याची एक बाजू. शेजारी नाणे किंवा काडेपेटी ठेवा म्हणजे आकार कळतो. उजेड तिरपा असावा. फ्लॅशने खवले सपाट दिसतात आणि मधल्या रांगा हरवतात.

प्राणी हातात घेऊ नका. पळू नये म्हणून विकणारे सांड्याचा कणा मोडतात. असा प्राणी शांत दिसतो, पण उचलला की इजा वाढते. दया येऊन विकतही घेऊ नका. खरेदीही गुन्हाच आहे, शिवाय पैसे मिळाले की पुढच्या बाजाराला आणखी आणले जातात. सांडा आणि घोरपड दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि गाव, बाजाराची जागा, वेळ, जिवंत किती, मेलेले किती एवढे सांगा. सुटका झालेला सांडा इथल्या माळावर सोडायचा नसतो, तो इथे तग धरणार नाही.

पंचनाम्यात नुसते 'सरडे, सहा नग' लिहिले तर प्रकरण पुढे लंगडे पडते. 'सांडा, सारा हार्डविकी, पूर्वीचे नाव युरोमॅस्टिक्स हार्डविकी' असे दोन्ही नावांनी लिहून घ्या. जुन्या कागदांत जुनेच नाव सापडते.