डेटाबेसचे अंतर्गत 40 गुण कशावर द्यायचे?

बीसीए किंवा बी.एस्सी. आयटीचा अभ्यासक्रम संलग्न महाविद्यालयाकडे विद्यापीठातून छापून येतो. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांसाठी तो कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून येतो. त्यातले घटक बदलणं शिक्षकाच्या हातात नसतं, पण अंतर्गत गुण कशावर द्यायचे हे बरंचसं असतं. म्हणून आखणी तिथून सुरू करा. समजा, 100 पैकी 40 गुण अंतर्गत आहेत आणि डेटाबेस हा विषय 4 श्रेयांकांचा (क्रेडिटचा) आहे: 2 लेखी, 2 प्रात्यक्षिक.

आधी तास मोजा. एका श्रेयांकाला व्याख्यानाचे 15 किंवा प्रात्यक्षिकाचे 30 तास, म्हणजे इथे 30 आणि 60. पंधरा आठवड्यांत आठवड्याला 2 व्याख्यानं आणि 4 तास लॅब. पहिलं सत्र असेल तर कानबाई, पोळा, गणपती, नवरात्र मध्ये येतात, तेव्हा 12 आठवड्यांचंच वेळापत्रक बांधा. उरलेले तीन आठवडे बुडालेल्या लॅबसाठी आणि फेरचाचणीसाठी. ते आधीच भरले की सत्राच्या शेवटी नॉर्मलायझेशन (एकच माहिती दोनदा साठवली जाऊ नये म्हणून टेबलं तोडणं) दोन तासांत गुंडाळावं लागतं, आणि नेमकं तेच विद्यार्थ्यांना सगळ्यात कमी कळतं.

मग निष्पत्ती लिहा, म्हणजे सत्राअखेर विद्यार्थ्याला काय करता यायला हवं ते. चार पुरेत. ‘विद्यार्थ्याला डीबीएमएस (डेटाबेस सांभाळणारी प्रणाली) समजेल’ हे मोजता येत नाही. ‘दिलेल्या व्यवहारावरून टेबलं, प्रायमरी की (ओळीची ओळख) आणि फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा संदर्भ) ठरवेल’ हे मोजता येतं. बाकीच्या तीन: जॉइन (टेबलं जोडणं) आणि ग्रुप बाय (ओळींचे गट करणं) वापरून क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहील, टेबल नॉर्मलायझेशनच्या तिसऱ्या पायरीपर्यंत (तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपर्यंत) नेऊन कारण सांगेल, ट्रान्झॅक्शन (सगळे मिळूनच पूर्ण व्हायला हवेत असे बदल) अर्धवट तुटलं तर काय होतं ते करून दाखवेल.

40 गुणांची वाटणी अशी करा: पाचव्या आठवड्यात टेबलांचा आराखडा 10, आठव्या आणि अकराव्या आठवड्यात संगणकावरच्या चाचण्या प्रत्येकी 10, बाराव्यात तोंडी 10. जर्नलला गुण नकोत. जर्नल एकाचं असतं, अक्षरं साठ जणांची.

आराखड्यासाठी ‘ग्रंथालय’ किंवा ‘कर्मचारी-विभाग’ देऊ नका, ती उत्तरं तयार मिळतात. रावेर-यावल पट्ट्यातला केळीचा व्यवहार द्या: शेतकरी, बाग, व्यापारी, गाडी. एका शेतकऱ्याच्या दोन बागा असतात, एक मृगबाग, एक कांदेबाग. एक गाडी तीन बागांतून भरते आणि एका बागेचा माल दोन गाड्यांत जातो. इथे ‘गाडीभरणी’ हे जोडटेबल (कोणत्या बागेचा माल कोणत्या गाडीत गेला ते नोंदवणारं) काढल्याशिवाय गत्यंतर नाही. गुण असे: जोडटेबल 4, प्रायमरी आणि फॉरेन की 3, वजन आणि भाव कोणत्या टेबलात याचं कारण 3. भाव बागेच्या टेबलात टाकणारा विद्यार्थी हटकून सापडतो. भाव रोज बदलतो हे त्याला घरी माहीत असतं, आराखड्यात विसरतो.

संगणकावरच्या चाचणीत माहिती मुद्दाम ‘घाण’ ठेवा. स्वच्छ माहितीवर चुकीची क्वेरीही बरोबर उत्तर देते. गाडीभरणीतल्या बाग क्रमांकाला नॉट नलचं (रिकामं सोडता येणार नाही असं) बंधन न लावता एका ओळीत तो रिकामा सोडा आणि विचारा: कोणत्या बागांचा माल अजून गेला नाही? नॉट इन (‘या यादीत नाही’) वापरणाऱ्याला एकही ओळ मिळणार नाही, कारण यादीत एक नल (रिकामी नोंद) आला की तुलना ‘खरी’ ठरतच नाही. नॉट एक्झिस्ट्सने (‘अशी ओळच नाही’) उत्तर मिळतं. दुसरा प्रश्न: सप्टेंबरमध्ये प्रत्येक बागेतून किती क्विंटल गेले, शून्य असलेल्या बागांसकट? लेफ्ट जॉइन (पहिल्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवणारी जोड) करून महिन्याची अट व्हेअरमध्ये (जोडणीनंतरच्या गाळणीत) टाकली की शून्यवाल्या बागा गळतात. ती ऑनमध्ये (जोडणीच्या अटीत) हवी. हे दोन प्रश्न दहा व्याख्यांपेक्षा जास्त सांगून जातात.

लॅबची वीज गेली तर सर्व्हरवरची चाचणी अडकते, म्हणून लॅपटॉपवर एसक्यूलाइट (सर्व्हरशिवाय एका फाइलीत चालणारा डेटाबेस) सोयीचं. पण त्यात फॉरेन कीची तपासणी मूळ मांडणीत बंद असते आणि प्रत्येक जोडणीला ‘प्रॅग्मा फॉरेन कीज’ ही आज्ञा देऊन ती चालू करावी लागते. ती ओळ तुम्ही दिली नाही, तर नसलेल्या शेतकऱ्याची बागही निमूट नोंदली जाते. मग गुण विद्यार्थ्याचे कापू नका.

एकच फाइल सगळ्यांना दिली की उत्तर बाकावरून बाकावर जातं. तीन फाइली करा, रचना तीच, आकडे वेगळे. घरी चॅटबॉटकडून लिहून आणलेला आराखडा कागदावर ओळखू येत नाही. तो तोंडी परीक्षेत कळतो. विद्यार्थ्याचाच आराखडा समोर ठेवून एक बदल सांगा: ‘व्यापाऱ्याने पैसे दोन हप्त्यांत दिले, कुठे नोंदवशील?’ पाच मिनिटं पुरतात, पण 60 जणांचे सलग 5 तास होतात. तेव्हा वीस-वीसच्या तीन तुकड्या करून त्यांच्या लॅबच्या तासांतच उरका. कोणी अहिराणीत सांगितलं तरी गुण तेवढेच. विचार तपासायचा आहे.

दोन शिक्षक तपासणार असतील तर आधी त्याच पाच उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्र तपासा. दहापैकी दोनपेक्षा जास्त फरक पडला तर गुणांचे निकष ढिले आहेत, ते पुन्हा लिहा.

शेवटी निष्पत्तिनिहाय टक्केवारी काढा. 48 जणांपैकी 31 जणांना दहापैकी 6 किंवा जास्त मिळाले, तर 64.6 टक्के. प्रश्न ऐच्छिक असेल तर भागाकार सोडवणाऱ्यांच्या संख्येने करा, वर्गाच्या नव्हे. आणि एका प्रश्नाला दोन निष्पत्ती चिकटवू नका. आकडा घसरला तर नक्की काय जमलं नाही ते सांगता येत नाही.