सिनेमाबद्दल मत लिहायचं कसं (आणि कुठे गप्प बसायचं)

माझ्या भाचीने परवा एका सिनेमावर चार ओळी लिहून दाखवल्या. ‘अभिनय अप्रतिम, संगीत सुश्राव्य, छायाचित्रण नेत्रसुखद, मध्यंतरानंतर किंचित संथ.’ म्हटलं, बाळा, हे तू सिनेमा न बघताही लिहिलं असतंस. तर ती रुसली आणि म्हणाली, ‘मग मावशी, तूच सांग कसं लिहायचं.’ तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. मी मूळची कोल्हापूरची, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले. 1978 पासून पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची वहीत नोंद ठेवते. आत्ता चौदावी वही चालू आहे.

आधी वही घ्या, दोनशे पानी, साधी. पानाच्या डोक्यावर तारीख, थेटर आणि सोबत कोण होतं ते लिहा. पोटात कावळे ओरडत असताना पाहिलेला सिनेमा लांबच वाटतो, हे दहा वर्षांनी पान उलटलं की कळतं. एकदा एका थेटरवाल्याने शेवटचा प्रसंग चालू असतानाच दिवे लावले, लोक उठले, आणि त्या रात्री मी ‘शेवट गुंडाळला आहे’ असं लिहून मोकळी झाले. गुंडाळला होता त्या दिवेवाल्याने!

बघायच्या आधी परीक्षण वाचू नका. अंधारात लिहीतही बसू नका, शेजारच्याला त्रास होतो. घरी आलात की झोपायच्या आत लिहा, आणि पहिलं वाक्य ‘आवडला’ किंवा ‘नाही आवडला’ असं नको. डोळ्यांसमोर राहिलेला एक प्रसंग आधी लिहून काढा. कोण कुठे उभं होतं, हातात काय होतं, आवाज कसला येत होता.

‘सामना’चंच घ्या. ‘निळू फुले यांनी खलनायक झकास रंगवला’ हे वाक्य त्यांच्या डझनभर सिनेमांना चालेल, म्हणून ते खोडा. त्याऐवजी असं लिहा: हा साखरसम्राट हिंदुराव एका दारुड्या मास्तरला घरी आणतो, त्याचा पाहुणचार करतो, अदबीने बोलतो, आणि त्या अदबीचीच भीती वाटायला लागते. समोर डॉ. लागू असल्यामुळे ती भीती दुप्पट होते. आता हे वाक्य उचलून दुसऱ्या सिनेमाला लावून बघा. लागत नाही ना? मग ठेवा.

तारे देऊ नका. पाचपैकी साडेतीन म्हणजे काय, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आता माझी फजिती. 1987 मध्ये दादरला बहिणीकडे मुंबई दूरदर्शनवर ‘कुंकू’ पाहिला. प्रभात कंपनी 1929 साली आमच्या कोल्हापुरात निघाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली, त्यामुळे तिच्या सिनेमांबद्दल आम्हाला माहेरचा अभिमान. ‘कुंकू’ पुण्यातला, 1937 चा. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली आणि तो संसार साफ नाकारणारी नीरा, म्हणजे शांता आपटे, मला पाहताक्षणी पटली. पण वहीत पुढे लिहिलं, ‘मधेमधे फार सुनं वाटतं. पार्श्वसंगीत घालायचं विसरले की काय?’

पुढे कितीतरी वर्षांनी व्हीसीडी आणली. लावली खरी, पण मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. पडदा दिसत नव्हता, नुसतं ऐकू येत होतं. गाणं संपलं की वाद्यं गप्प. मग त्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ, पावलं, भांडी. हातातली जुडी तशीच ठेवून उठले. दिग्दर्शक शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत मुद्दामच घेतलेलं नाही, आवाज येतात ते त्या प्रसंगात असलेल्या वस्तूंचे आणि माणसांचे! जन्मभर कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंककॉल जोडले, आणि एवढं कळायला मला मेथी निवडावी लागली.

म्हणून जुना सिनेमा असला तर दुसऱ्यांदा बघताना दहा मिनिटं डोळे मिटून बघा. काही सिनेमे तेवढ्यातच उघडे पडतात, सगळी भीती आणि सगळं रडू व्हायोलिनवाल्यांवर सोडलेलं असतं.

गप्प कुठे बसायचं? कळलं नाही तिथे. ‘मला कळला नाही’ असं लिहायला लाज नको, पण त्यावरून दिग्दर्शकाची अक्कल काढू नका. आणि शेवट सांगून टाकणाऱ्याला आमच्या घरी चहा मिळत नाही.

जुनं मत चुकलेलं निघालं तर पान फाडायचं नाही, खाली वेगळ्या शाईने नवं लिहायचं. ‘कुंकू’च्या पानावर निळ्या शाईतली तक्रार आहे, त्याखाली हिरव्या शाईतली माफी. आणि समासात आमच्या ह्यांनी त्याच रात्री पेन्सिलीने लिहिलेलं, ते प्रत्येक चांगल्या सिनेमाला लिहीत तेच: ‘पैसे वसूल.’ बहिणीकडे फुकट पाहिला होता, वर जेवूनही आलो होतो.